चावी कोणापाशी देऊ, बंडू?

बंडू, तुझ्या शोकसभेत मी माईक हातात घेतला आणि एक अक्षरही बोललो नाही.

दहनघाटावरच्या टिनाच्या शेडखाली आपलं नागपुरातलं अख्खं प्रताप नगर बसलं होतं. लकडगंजातले तुझे लाकूड चिरणारे आरामशीनवाले दोस्त होते, खाप्याहून आलेले चुलतभाऊ होते. आज डॉक्टर बोलणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि डॉक्टर बोलणार म्हणजे घरी जायला उशीर होणार हेही माहीत होतं. म्हणून जाणत्या मंडळींनी आधीच भिंतीकडेची, टेकायला बरी अशी जागा धरली होती. मी उभा राहिलो. तोंड उघडलं. पुढं काही आलंच नाही. समोरच्या लोकांनी जरा वाट पाहिली. मग त्यांच्यातला एक जण उठला, त्यानं मान खाली घातली, हात समोर बांधले. त्याचं पाहून दुसरा उठला. बघता बघता सगळी शेड उभी.

मौन सुरू झालं होतं, आणि ते मी सुरू केलं असा सगळ्यांचा समज होता. ते मला थांबवता येईना, कारण मौन थांबवायचं तर काहीतरी बोलावं लागतं. शेवटी मागून कोणीतरी 'ओम शांती' म्हटलं आणि लोक नळावर हातपाय धुऊन आपापल्या गाड्यांकडे गेले. जाता जाता तुझा खाप्याचा चुलतभाऊ माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, लय शिस्तीत झालं सारं."

परवा तुझी तेरवीही झाली. अजून मला वस्तीतली माणसं रस्त्यात थांबवून त्या शिस्तीबद्दल शाबासकी देऊन राहिली आहेत.

माझ्या पुण्याच्या साडूला आपली ही पद्धत कधीच पटली नाही. "चिता पेटलेली असताना भाषणं कसली करता रे?" असं तो विचारतो. त्याला काय सांगायचं? आपल्याकडे अग्नी दिला की माणसं लगेच पाठ फिरवत नाहीत. शेडखाली बसतात, आणि कोणीतरी उठून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतं. आपल्या वस्तीत तो उठणारा माणूस म्हणजे तू. तुला कोणी नेमलं नव्हतं. कोणी गेलं की आधी मला फोन यायचा, मग तुला. माणूस मेला हे मी सांगायचो. तो कसा जगला हे तू सांगायचास. तुझं काम कायम माझ्यापेक्षा बरं होत असे.

वस्तीतले वासुदेवकाका गेले तो दिवस तुला आठवतो का? मला विसरता येत नाही, आणि प्रताप नगर विसरू देत नाही. तोवर मी चार माणसांसमोर कधी बोललो नव्हतो. दवाखान्यात माझं सगळ्यात मोठं वाक्य म्हणजे 'जीभ बाहेर काढा'. त्यातला फायदा असा की ते ऐकल्यावर समोरचा उलटून बोलू शकत नाही. पण तू काकांबद्दल बोलून झाल्यावर कोणाला न विचारता जाहीर केलंस, "आता आपले डॉक्टर दोन शब्द बोलतील."

मी उठलो. उजवा हात आपोआप खिशात गेला आणि स्कूटरची चावी माईकशेजारी खुळखुळ वाजायला लागली. मी म्हणालो, "वासुदेवकाका फार विश्वासू होते. गेली कित्येक वर्षं ते दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेले नाहीत. अगदी शेवटपर्यंत त्यांना माझंच औषध चालू होतं."

मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "तरीच."

ते सावरायला मी घाईघाईनं म्हणालो, "आज इथं माझे पुष्कळ पेशंट बसलेले दिसतात. त्यांच्याबद्दलही मला असंच बोलायला आवडेल." तू ताडकन उभा राहिलास. "आता आपण दोन मिनिटं मौन पाळू." तुझं ते हत्यार माझ्यावर पहिल्यांदा चाललं ते त्या दिवशी.

परत येताना माझ्या मागं स्कूटरवर बसून तू म्हणालास, "काहून गा डॉक्टर, शोकसभा होती का दवाखान्याची जाहिरात?"

"मला काही सुचलंच नाही रे."

"सुचलं नाही त बसाचं असते. न सुचून इतकं बोलला, सुचलं असतं त काय केलं असतं बाप्पा? उद्या दुपारी ये लकडगंजले."

तुझ्या आरामशीनीवर मी भाषण शिकलो हे मी कोणाला सांगितलं तर लोक हसतात. हसू देत. ट्रॉलीवर ओंडका चढायचा, ट्रॉली पुढं सरकायची आणि आरा लाकडात शिरला की असा किंचाळायचा की स्वतःचा विचारही ऐकू येऊ नये. ओंडका चिरून झाला की ट्रॉली मागं यायची. तेवढ्या उसंतीत तू मजुरांना, गिऱ्हाइकांना, घरून फोन करणाऱ्या शोभावहिनींना, सगळ्यांना सांगायचं ते सांगून टाकायचास. आयुष्यभर असं बोलल्यामुळं तुझ्या वाक्यांना शेपूट कधी फुटलंच नाही.

"तुझ्या बाबाबद्दल सांग," तू म्हणालास. मी घसा साफ केला. "माझे वडील अत्यंत थोर विचारांचे आणि..." आरा किंचाळला. ट्रॉली मागं आली. "त्यांचं व्यक्तिमत्त्व अतिशय..." आरा. "समाजामध्ये त्यांना एक मानाचं..." आरा.

"मेल्यावर कोन थोर नसते गा?" तू ओरडलास. "त्यायनं केलं काय, ते सांग ना!"

मी वैतागून ओरडलो, "सायकलचं पंक्चर घरीच काढायचे! शेजाऱ्यांचंही काढायचे आणि आईच्या शिव्या खायचे!"

तू मशीन बंद करायला लावलंस. मग म्हणालास, "हं. आता ऐकू आलं."

हे तुझं सर्वोच्च कौतुक होतं. 'छान', 'उत्तम' असले शब्द तुझ्याकडे नव्हते. इतक्या वर्षांत 'ऐकू आलं' हे मला फार थोड्या वेळा मिळालं आणि प्रत्येक वेळी मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणायची, "मले त रोजच ऐकू येते तुमचं. बंद कधी होते तेवढं सांगा."

चावीचा बंदोबस्तही तूच केलास. मी बोलायला उठलो की तू माझ्या डाव्या हाताला येऊन उभा राहायचास आणि काही न बोलता तळहात पुढं करायचास. मी खिशातून चावी काढून त्यावर ठेवायचो. मग माझा हात खिशात जायचा, तिथं काही सापडायचं नाही, आणि बिचारा बाहेर यायचा. बाहेरच्यांना वाटायचं, या दोघांचा काहीतरी विधी आहे. होताच.

मी सुधारलो. नको इतका सुधारलो. अडचण एवढीच की माझं सगळं शिक्षण घाटावर झालं होतं. तुझ्या पुतण्याचं लग्न ठरलं, त्या साक्षगंधात खाप्याला मला 'प्रतिष्ठित पाहुणे' म्हणून बोलायला उभं केलं. मी चांगला बोललो. मुलाबद्दल बोललो, मुलीबद्दल बोललो, कन्हान नदीच्या पुरात तुझ्या भावानं शेजाऱ्याची म्हैस कशी ओढून आणली ते सांगितलं. लोक हसले, टाळ्या पडल्या. आणि शेवटाला हात जोडून, सवयीनं, जड आवाजात म्हणालो, "दोन्ही कुटुंबांना हे सहन करण्याची शक्ती मिळो." मुलीकडचे चपापले. मुलाचा बाप, म्हणजे तुझा सख्खा भाऊ, मोठ्यानं म्हणाला, "बराबर बोलले डॉक्टर. लग्नाचा खर्च पाहून राहिले नं ते!" तू जेवणाच्या पंगतीपर्यंत माझ्याकडं पाहिलं नाहीस, कारण पाहिलं असतंस तर हसू आवरलं नसतं.

त्यानंतर मला माईकचं व्यसन लागलं हे मी मान्य करतो. गणपती, हळदीकुंकू, सोसायटीची वार्षिक सभा, कोणाच्या तरी नातीचा वाढदिवस. पाण्याच्या नव्या टाकीच्या उद्घाटनाला मी जलसंस्कृतीपासून सुरुवात केली. टाकीपर्यंत पोचायच्या आधीच तू उभा राहिलास, मान खाली घातलीस आणि गंभीरपणे म्हणालास, "आपण दोन मिनिटं मौन पाळू." आणि लोक उभे राहिले, बंडू! टाकीसाठी! नंतर कोणी विचारलंही नाही की गेलं कोण.

त्यावरून आपलं भांडण झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणालो, "मला एकदा तरी पूर्ण बोलू देणार आहेस का?"

"तू पूर्न होशील तवा देईन नं."

"माझं म्हणणं समजून घ्यायला थोडा वेळ लागतो."

"तेच त. सांगनाऱ्याले वेळ लागाले पायजे, ऐकनाऱ्याले नाही. तू उलटं करून राहिला."

मी रुसलो. आपण दोघं टाकीच्या कठड्यावर बसलो होतो. मग तू म्हणालास, "बरं, एक काम कर. माझ्या शोकसभेत बोल. तिथं मी उठनार नाही."

आपण हसलो. तेव्हा तुझ्या पोटात दुखायला लागलेलं नव्हतं. किंवा लागलं असेल, आणि तू सांगितलं नसशील.

मग ती दुपार आली. मोठ्या डॉक्टरांकडं मीच तुला पाठवलं होतं आणि त्यांनी तपासण्यांचा निकाल आधी मला कळवला होता. दवाखाना बंद करायच्या वेळी तू आलास, समोरच्या स्टुलावर बसलास. मी सुरू केलं. "हे बघ बंडू, आजकाल विज्ञान फार पुढं गेलंय. आपल्या आजोबांच्या काळात साधं सलाइन मिळत नव्हतं. आता तसं नाही. आणि माणसाच्या शरीराची गंमत अशी की..." शरीराची कसली गंमत मला सुचली होती देव जाणे. मी तिखटावर गेलो, झोपेवर गेलो, सकाळी फिरायला जाण्याचे फायदे सांगितले. तू ऐकत होतास. शोकसभेत ऐकायचास तसाच, मान किंचित तिरपी करून.

मग तू टेबलावर तळहात पसरलास.

मला कळेना. तू म्हणालास, "चावी."

माझा हात खिशात होता. केव्हापासून वाजत होती कोण जाणे. मी ती काढून तुझ्या हातावर ठेवली. तू मूठ मिटलीस. "ट्रॉली मागं आली, डॉक्टर. बोल."

मी म्हणालो, "स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. यकृतापर्यंत पसरलाय. ऑपरेशन करून उपयोग नाही."

तू माझ्यामागच्या भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत राहिलास. त्यावर एक गुटगुटीत बाळ आहे. तू त्या बाळाला विचारावं तसं विचारलंस, "वर्ष?"

"नाही. काही महिने."

तू मान हलवलीस. आणि म्हणालास, "हं. आता ऐकू आलं."

रडू तुला यायला हवं होतं, आलं मला. माझ्याच टेबलावरच्या बाटलीतलं पाणी तू मला पाजलंस. आता डॉक्टर कोण आणि पेशंट कोण हे बाहेर बसलेल्या कंपाउंडरला कळेना, त्यानं दार लोटून घेतलं.

तू चावी परत दिलीस आणि तिथून आपण स्कूटरवर तुझ्या घरी गेलो. रस्त्यात तू बजावलंस, "शोभाले मी सांगतो. तू सांगशील त तिचा स्वयंपाक होऊन जाईन, अन् तुझं सलाइनच चालू राहीन." ठीक. आपण बैठकीत बसलो. वहिनी पदराला हात पुसत आल्या. तू म्हणालास, "अवं, ते मागची पपई पाह्यली का? यंदा फळं धरून राहिली." मग पपईची जात. मग ती आणली त्या नर्सरीवाल्याचा स्वभाव. मग त्याच्या मुलाची नोकरी. मी तुझ्याकडं पाहत राहिलो. अर्ध्या नागपूरला मृत्यूबद्दल कसं बोलावं हे शिकवणारा माणूस, एका बाईसमोर पपईच्या झाडावर चढून बसला होता आणि त्याला उतरता येत नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "काय झालं ते सांगा नं."

तू माझ्याकडं पाहिलंस. तेव्हा मी खिशातून चावी काढली, उठलो, आणि तुझ्या मांडीवरच्या हातात ठेवली. मग वहिनींना सांगितलं. तीच तीन वाक्यं. चौथं नाही.

त्या खाली बसल्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, "यायले दुखन का?"

"दुखेल. पण ते मी बघीन. जास्त दुखू देणार नाही."

मला फाटकापर्यंत सोडायला आलास तेव्हा चावी परत करताना म्हणालास, "प्रस्तावना नाही केली तू."

"तू मात्र लांबवलीस."

तू हसलास. भाषणात मी तुझ्यावर केलेली ही एकच मात, आणि ती मला कोणालाही सांगता येत नव्हती.

जास्त दुखू न देण्याच्या त्या शब्दाला मी जागलो असं मला वाटतं. तुझ्या शेवटच्या आठवड्यांत मी रोज येत होतो. मी येऊन बसायचो, सुई द्यायचो, आणि आपण कोणाच्या तरी जुन्या भाषणाची टिंगल करायचो, बहुतेक माझ्याच. मनात एक गोष्ट घोळत होती आणि ती सांगायला मी योग्य दिवसाची वाट पाहत होतो. आता दवाखान्यात मी माणसांना वाईट बातमी कशी सांगतो ते तुला सांगायचं होतं. हात टेबलावर ठेवतो. आधी मुख्य गोष्ट, मग गप्प. समोरच्याचं मन आरा चालावा तसं किंचाळत असतं, तेव्हा एक शब्द बोलत नाही. ते थांबलं की पुढचं वाक्य. एका बाईनं मला मध्यंतरी म्हटलं, "तुम्ही सरळ सांगितलं म्हणून बरं वाटलं." मी तिला म्हणालो, मला एका लाकूडवाल्यानं शिकवलं. तिला ते खोटंच वाटलं.

हे तुला सांगायचं राहिलं. तू लगेच म्हणाला असतास, 'आभारप्रदर्शन नको.' प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी ते असतं, लोक चपला शोधत असताना कोणीतरी मांडववाल्याचे आभार मानत असतं. शोकसभेत तेवढं नसतं, म्हणून तुला शोकसभा आवडायची. मी ठरवलं होतं, तुझ्या शोकसभेत हा नियम मोडायचा. तू शब्द दिला होतास, उठणार नाहीस. मी सगळी तयारी केली होती. थोर हा शब्द कुठंही नव्हता. पंक्चर काढणाऱ्या बापापासून पपईपर्यंत सगळं होतं आणि, खरं सांगतो, लांबी माफक होती.

तुझं नाव घेऊन मी उठलो. हात खिशात गेला. चावी लागली. मी ती काढली आणि सवयीनं डावीकडं धरली.

तिथं तू नव्हतास. तू समोर होतास आणि जळत होतास.

मी चावी हातात घेऊन उभा राहिलो. ती कोणाला द्यावी हे कळेना, आणि ती दिल्याशिवाय बोलावं कसं हेही कळेना. बाकीचं तुला माहीत आहे. माझ्यामागून मौन येतं ही सवय तूच वस्तीला लावून ठेवली होतीस. तू शब्द पाळलास, उठला नाहीस. अख्खी शेड उठवलीस.

काल संध्याकाळी मी हे सगळं लिहून वहिनींकडं घेऊन गेलो. म्हटलं, घाटावर बोलायचं राहिलं, तुम्हाला वाचून दाखवतो. वहिनींनी भिंतीवरच्या तुझ्या फोटोखालची खुर्ची मला दिली, स्वतः समोर बसल्या आणि हात पुढं केला.

"चावी द्या आधी, भाऊजी. तसं हे सांगून गेले मले."

मी दिली. त्यांनी मूठ मिटली. मी वाचायला लागलो. वासुदेवकाकांपाशी त्या हसल्या. साक्षगंधापाशी त्यांना ठसका लागला. दवाखान्यातल्या दुपारपाशी त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि पपईपाशी खिडकीतून मागच्या अंगणाकडं पाहत राहिल्या. माझं वाचून झालं. तोवर चहावर साय धरली होती. मग त्यांनी उठून चावी माझ्या हातावर ठेवली.

"चांगलं लिहिलं, भाऊजी. पन हे असते नं, त दुसऱ्याच पानावर मौन पाळाले लावलं असतं."